रामनदी, बावधनचा टप्पा: प्रकल्प नोंदी

१८ नोव्हेंबर २०२३

आजपासून लेखी नोंदी ठेवण्यास सुरुवात करीत आहे. पुण्याच्या पश्चिमेला भुकूमजवळच्या खाटपेवाडीच्या उतारावर उगम पावणारी रामनदी भूगावच्या मानस तलावानंतर बावधनमार्गे पाषाण तलावात येते आणि तेथून सुतारवाडी, सोमेश्वरवाडी, बाणेर, औंध असा प्रवास करून मुळेला मिळते. एकूण लांबी अठरा-एकोणीस किलोमीटर. त्यातला पाषाण तलावाच्या वरच्या अंगाचा जेमतेम सातशे मीटरचा टप्पा आम्ही हाती घेतला आहे. सातशे मीटर ऐकून काही जणांना हसू आले, परंतु दर आठवड्याला पायी फिरून, प्रत्येक पाइपाचे तोंड ओळखीचे होईल इतके बारकाईने पाहायचे असेल, तर आमच्यासारख्या बारा-पंधरा जणांना एवढाच टप्पा झेपतो.

आज दोन्ही काठांनी चालून नदीत उघडणारी तोंडे मोजली. अकरा सापडली. ती सगळी कागदावर पावसाळी लाइनची आहेत, म्हणजे त्यांतून फक्त पावसाचे पाणी यायला हवे. गेल्या कित्येक दिवसांत पाऊस नाही, तरीही अकरापैकी चार तोंडे वाहत होती. या कामातला पहिला धडा इतका साधा आहे की तो सांगताना संकोच वाटतो: कोरड्या दिवसांत पावसाळी लाइन वाहत असेल, तर ते पाणी पावसाचे नसते. पुढच्या रविवारी झाडे लावू या, अशी सूचना आली होती. ती मी मान्य केली नाही. नदीत नेमके काय येते हे कळण्याआधी काठावर झाडे लावणे म्हणजे ताप न मोजता पेशंटला नवे कपडे घालण्यासारखे आहे.

२ डिसेंबर २०२३

विद्राव्य प्राणवायू मोजण्याचा पहिला दिवस. मीटर उपलब्ध आहे, पण नव्या मुलांनी आधी विंकलर पद्धत हाताने करावी असा माझा आग्रह असतो, कारण त्यात उत्तर आकड्याच्या आधी डोळ्यांना दिसते. तीनशे मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली धरून, आत एकही बुडबुडा राहू न देता, तिथेच बूच लावायचे. मग वर येऊन मँगनीज सल्फेट आणि क्षारीय आयोडाइड ही दोन द्रावणे पिपेटने सोडायची, बूच पुन्हा लावून बाटली उलटसुलट करायची आणि थांबायचे. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो. नसेल तर साका पांढराच राहतो.

टप्प्याच्या वरच्या टोकाच्या बाटलीत फिकट तपकिरी ढग उतरला. सातव्या तोंडाच्या खाली भरलेल्या बाटलीत मात्र चुन्यासारखा पांढरा गाळ बसला. एका विद्यार्थिनीने विचारले, "ताई, औषध खराब झालंय का?" शंका योग्य होती, म्हणून तीच द्रावणे नळाच्या पाण्यात घालून पाहिली. तिथे झटकन गडद तपकिरी रंग आला. पुन्हा नदीची बाटली भरली, पुन्हा पांढरा. त्यानंतर काही वेळ कुणी बोलले नाही. त्याच जागी तळाचा चिखल चाळणीत धुतला तेव्हा फक्त रक्तकिडे निघाले, लाल दोऱ्याच्या तुकड्यांसारखे वळवळणारे. हिमोग्लोबिन असल्यामुळे ते लाल दिसतात आणि त्याच्याच जोरावर जवळजवळ प्राणवायू नसलेल्या गाळातही तग धरतात.

संदर्भासाठी: केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीनुसार आंघोळीयोग्य पाण्यात प्राणवायू लिटरमागे किमान ५ मिलिग्रॅम आणि बीओडी (म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू) ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी. मंडळाच्या २०२२च्या यादीत देशभरातील ३११ प्रदूषित नदीपट्टे आहेत, त्यांपैकी ५५ महाराष्ट्रातले, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा जास्त.

१० डिसेंबर २०२३

काल दुपारी तीन आणि आज पहाटे साडेपाच अशा दोन वेळा एकाच जागेचे, सातव्या तोंडापासून बरेच खाली शेवाळ माजलेल्या संथ भागाचे, नमुने घेतले. दुपारची बाटली इतकी गडद झाली की पाहणाऱ्याने नदी निरोगी असल्याचे प्रमाणपत्र लिहून दिले असते. पहाटेची बाटली जवळजवळ पांढरी होती. मैलापाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसलेले शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्रभर तोच परत ओढून घेते. मासा मरतो तो पहाटे, आणि नमुने घ्यायला माणसे जातात ती नाश्ता करून अकरा वाजता. यापुढे आमची प्राणवायूची प्रत्येक नोंद सूर्योदयापूर्वीची असेल, आणि वेळ न लिहिलेला आकडा वहीत घेतला जाणार नाही.

६ जानेवारी २०२४

सातव्या तोंडाचा प्रवाह मोजला. साधन म्हणजे पंधरा लिटरची बादली आणि मोबाइलमधले स्टॉपवॉच. सकाळी पावणेआठला बादली सरासरी नऊ सेकंदांत भरली. म्हणजे सेकंदाला सुमारे १.६७ लिटर आणि हाच वेग दिवसभर टिकला तर २४ तासांत १ लाख ४४ हजार लिटर. ही वेळ आंघोळी-स्वयंपाकाची असल्यामुळे सरासरी याच्या निम्मी धरली, तरी ७२ हजार लिटर होतात. शहरी पाणीपुरवठ्याचा मापदंड माणशी दिवसाला १३५ लिटर आणि त्यातले ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते असे धरतात. हिशेब केल्यास या एका तोंडामागे साडेसहाशेहून अधिक माणसे आहेत. चौघांचे एक घर धरले तर दीडशेच्या वर घरे. इतकी घरे चुकून जोडली जात नाहीत. आता शोध एखाद्या फुटक्या नळीचा नसून मोठ्या जोडणीचा आहे.

फेस पुष्कळ होता. सकाळी आठनंतर डिटर्जंटचा वास येतो, दुपारी एकनंतर भांड्यांच्या साबणाचा. तोंडाजवळ आठवडाभर बसले की शहराची दिनचर्या नाकाने कळू लागते.

२१ जानेवारी २०२४

रंगचाचणी. वरच्या बाजूच्या तीन सोसायट्यांची परवानगी घेऊन त्यांच्या चेंबरांत एकामागून एक, मध्ये तासभराचे अंतर ठेवून, फ्लुरोसिनचे द्रावण ओतले आणि आमचे चौघे सातव्या तोंडापाशी पांढरी थाळी घेऊन बसले. पहिल्या सोसायटीचा रंग आला नाही. दुसरीचा आला नाही. तिसरीचा रंग ओतून बावीस मिनिटे झाली आणि थाळीत कच्च्या कैरीच्या सालीसारखा हिरवा पट्टा उतरला.

या सोसायटीचे स्वतःचे शुद्धीकरण यंत्र आहे. ते कागदोपत्री चालूही आहे. वॉचमन काकांनी कुठलाही आडपडदा न ठेवता सांगितले, "मॅडम, ब्लोअर रात्री बंद करायला लावतात. खालच्या मजल्यावरच्यांना आवाजाने झोप लागत नाही." या यंत्रात मैला खाण्याचे काम जिवाणू करतात आणि त्यांना सतत हवा लागते. रात्रभर हवा बंद राहिली की ते मरू लागतात आणि सकाळी घाईच्या वेळचे पाणी जसे येते तसेच पुढे जाते. त्या टाकीचा ओव्हरफ्लो पावसाळी लाइनला जोडलेला आहे. महापालिकेची मुख्य ड्रेनेज लाइन तिथून चाळीस मीटरवरून जाते, आणि ती जोडणी मात्र झालेली नाही. कुणी दुष्टपणा केला असे मला वाटत नाही. बांधकाम संपले तेव्हा ड्रेनेज लाइन आलेली नसावी, पावसाळी लाइन जवळ होती, आणि नंतर मागे वळून पाहण्याचे कारण कुणालाच उरले नाही.

पुण्यात जायका या जपानी संस्थेच्या कर्जसाहाय्याने ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे उभी राहत आहेत, एकत्रित क्षमता दिवसाला ३९ कोटी ६० लाख लिटर. ती हवीच आहेत. परंतु केंद्र शुद्ध करते ते त्याच्यापर्यंत पोहोचलेले पाणी, आणि आमच्या सातव्या तोंडाचे पाणी चाळीस मीटर अलीकडेच वाट चुकते.

१९ मार्च २०२४

दोन महिने पत्रव्यवहार, बैठका आणि पुन्हा पत्रव्यवहार यांत गेले. त्याचा तपशील लिहिण्यासारखा नाही. सोसायटीच्या कमिटीने अखेर जोडणीचा खर्च मान्य केला, तो काही सद्भावनेने नव्हे तर त्यांच्याच तळघरात वास येऊ लागल्यामुळे. चाळीस मीटरचा पाइप पडला. सातवे तोंड आज पहाटे कोरडे होते. उरलेल्या तीन वाहत्या तोंडांपैकी एका ठिकाणी तुंबलेले चेंबर साफ केल्यावर प्रवाह थांबला. दोन अद्याप वाहत आहेत.

१४ मे २०२४

वाईट दिवस. पावसाळापूर्व सफाईचे जेसीबी सकाळी आले आणि दुपारपर्यंत वळणाजवळचा शंभर मीटरचा भाग सपाट करून गेले. त्या वळणावर गोट्यांचा उथळ खळाळ आणि त्याखाली कमरेइतका डोह होता. खळाळात पाणी दगडांवर आपटून हवा घेते. डोहात उन्हाळ्यात मासे आणि जलकीटक आसरा घेतात. नदीला पाणी स्वच्छ करण्याचे जे थोडे स्वतःचे उपाय असतात, त्यांपैकी हे दोन महत्त्वाचे आहेत. आता तिथे एकसारख्या खोलीचा चर आहे, आणि गाळासह उचललेली वाळुंज, लव्हाळी आणि पाणकणीस काठावरच ढीग करून ठेवली आहेत, म्हणजे पहिल्या पावसात ती पुन्हा पात्रात येतील.

जेसीबीच्या दादांशी बोलले. त्यांना जे सांगितले होते ते त्यांनी केले: कचरा काढा, पात्र मोकळे करा. त्यांच्या दृष्टीने लव्हाळे हाही कचराच होता, आणि पाणी अडेल म्हणून गोटे काढणे हे चांगले काम होते. चूक आमचीही आहे. कामाच्या आराखड्यात काय काढू नये हे कुणी लिहून दिले नव्हते, आणि आम्ही ते विचारायला मेच्या मध्यापर्यंत थांबलो. पुढच्या वर्षीसाठी नोंद: फेब्रुवारीतच नकाशासह पत्र द्यायचे आणि राखायच्या जागांवर चुन्याने खुणा केलेले मोठे दगड ठेवायचे.

२६ जुलै २०२४

काल पुण्यात जे झाले ते सर्वांनी पाहिले. खडकवासल्याच्या विसर्गाने सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरले. आमची नदी लहान, तिच्यावर तसे धरण नाही, पण तीही परवापासून आपल्या जागेवर आली होती. आपली जागा म्हणजे निळ्या पूररेषेपर्यंतची, जिथे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा पाणी येईल असे धरतात. लाल रेषा शंभर वर्षांची. इथले जुने लोक ऑक्टोबर २०१०चा पाषाणचा पूर विसरलेले नाहीत, तेव्हा रेषा कागदावर असतात आणि पाण्याला कागद वाचता येत नाही हे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

आज नुकसान पाहिले. गेल्या महिन्यात दुसऱ्या एका गटाने लावलेली रोपे लोखंडी पिंजऱ्यांसह गेली. पिंजऱ्यात प्लास्टिक अडकले, प्लास्टिकमुळे पिंजऱ्याला शिडासारखा वारा, नव्हे पाणी, लागले आणि रोपासकट सगळे उपटून निघाले. आम्ही जूनमध्ये वाळुंजाच्या अंगठ्याएवढ्या जाड फांद्या नुसत्याच काठात ठोकल्या होत्या. साठपैकी एकेचाळीस उभ्या आहेत, खाली झोपून पुन्हा उठलेल्या, आणि काहींना पाणी ओसरताच कोंब दिसतात. लव्हाळ्याची म्हण सर्वांना पाठ असते, तरी रोपे लावताना पिंजराच आठवतो.

दुसरी गोष्ट अनपेक्षित. जेसीबीने केलेल्या सरळ चराच्या मधोमध पुराने गोट्यांचा एक लांबट ढीग आणून टाकला आहे. खळाळ पुन्हा तयार होऊ लागला आहे, पूर्वीच्या जागेपासून सात-आठ मीटर खाली. त्याला हात लावायचा नाही असे ठरवले.

२३ नोव्हेंबर २०२४

पहाटेची बाटली, जुन्या सातव्या तोंडाच्या खाली: तपकिरी. गडद नव्हे, पण पांढरी नाही. चाळणीत रक्तकिड्यांबरोबर चतुराच्या दोन अळ्या आणि टाचणीची, म्हणजे चतुराच्याच बारीक अंगाच्या भाऊबंदाची, एक सापडली. मे-माशीची अळी अजून नाही. ती दिसेपर्यंत पाणी सुधारले असे मी कुणालाही म्हणू देणार नाही.

उरलेल्या दोन वाहत्या तोंडांपैकी एक डिसेंबरात बंद होईल असे लेखी आश्वासन आले आहे.

८ फेब्रुवारी २०२५

दहाव्या तोंडाची जोडणी गेल्या महिन्यात झाली आणि आज वरच्या अर्ध्या टप्प्यात नदी आटलेली आढळली. काठावर राहणाऱ्या एका आजोबांनी मला थांबवून विचारले, "तुम्ही नदी साफ केली की बंद केली?" प्रश्नात थट्टा होती, पण तिच्यात तथ्य आहे. इतकी वर्षे आम्ही ज्याला नदीचा प्रवाह म्हणत होतो, तो उन्हाळ्यात बहुतांशी आमचेच सांडपाणी होता. ते काढून घेतल्यावर नदीचे स्वतःचे किती उरते, हे आज पहिल्यांदा दिसले.

जे उरले ते एका जागी सापडले. डाव्या काठावर, उंबराच्या मुळांखाली, काळ्या कातळाच्या सपाट थरावर सच्छिद्र, पांढुरक्या दाण्यांनी भरलेला दुसरा थर बसला आहे आणि दोहोंच्या सांध्यातून पाणी पाझरते. दख्खनच्या बेसॉल्टमधले झरे असेच असतात: वरचा पोकळ थर पाणी धरतो, खालचा घट्ट थर ते अडवतो, आणि ओढ्याने जिथे हा सांधा कापला असेल तिथे ते बाहेर येते. लिटरची बाटली वीस सेकंदांत भरली. दिवसाला ४,३२० लिटर, दहा हजारांच्या टँकरच्या निम्म्याहूनही कमी. त्याखालच्या परातीएवढ्या डबक्यातली बाटली मात्र गडद तपकिरी झाली, आणि तिथे मे-माशीच्या तीन अळ्या होत्या, शेपटीचे तीन तंतू पसरून दगडाला चिकटलेल्या. म्हणजे त्या कुठे गेल्या नव्हत्या. त्या इथे थांबल्या होत्या.

जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराच्या साथीमुळे सध्या पाण्याबद्दल सगळेच धास्तावलेले आहेत आणि दोघांनी हे पाणी पिण्याजोगे आहे का असे विचारले. उत्तर नाही असेच आहे. प्राणवायू भरपूर असणे आणि जंतू नसणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वर सेप्टिक टँक असलेल्या वस्तीखालच्या झऱ्यावर तर अजिबात भरवसा ठेवू नये.

२ मार्च २०२५

बैठकीत एक प्रस्ताव आला: शुद्धीकरण केंद्राचे प्रक्रिया केलेले पाणी पंपाने वर आणून नदी बारमाही करावी. उदाहरण दक्षिण कोरियातल्या सोल शहराच्या चॉन्गेचॉन ओढ्याचे देण्यात आले. २००५मध्ये उड्डाणमार्ग काढून खुला केलेला तो ५.८ किलोमीटरचा ओढा देखणा आहे यात शंका नाही, पण त्यात मुख्यतः हान नदीतून दररोज सुमारे १ लाख २० हजार टन पाणी पंपाने सोडावे लागते. पंप बंद केला की तोही आमच्यासारखाच. रामनदी ही डोंगरातून येणारी छोटी नदी आहे. फेब्रुवारीनंतर तिने बारीक धारेने आणि डोहांनी उन्हाळा काढावा, हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. बारीक धार आणि कोरडे पात्र यांत मात्र फरक आहे, आणि तो फरक झऱ्यांचा आहे.

म्हणून वरच्या उतारावर फिरलो. एका बांधकामाच्या तळघराच्या खड्ड्यातून दोन पंप रात्रंदिवस पाणी उपसत होते, स्वच्छ, थंड पाणी, आणि ते पावसाळी लाइनमध्ये जात होते. त्याच रस्त्यावर त्याच वेळी टँकर रिकामा होत होता. झऱ्याचे पाणी कमी का झाले याचे एकमेव कारण हेच आहे असे मी लिहिणार नाही, कारण बोअरही पुष्कळ आहेत आणि वरचा मुरमाड उतार फरशीने झाकला गेला आहे. पण एवढे नक्की की आतापर्यंत आम्ही नदीत काय येते तेच मोजत होतो, आणि नदीत काय यायचे थांबले ते कुणीच मोजलेले नाही. यापुढे दर पंधरा दिवसांनी झऱ्याची बाटली, तीच जागा, तीच वेळ.

प्रशासकीय अडचणही आहे. बावधन बुद्रुक २०२१मध्ये महापालिकेत आले, पण त्याच्या वरचे भूगाव आणि भुकूम अजून ग्रामपंचायतींकडे आहेत. तिथली नवी बांधकामे सेप्टिक टँकवर आहेत. आमच्या टप्प्यात आम्ही पाइप शोधू, पण पाणी हद्दीचा फलक पाहून थांबत नाही. भूगावच्या बाजूला असाच एक गट उभा राहावा म्हणून दोघांशी बोलणे झाले आहे.

२७ मे २०२५

यंदा पावसाने मे महिन्यातच गाठले आणि काल मान्सून पुण्यात पोहोचल्याचे जाहीरही झाले. पहिल्या पावसाचे पाणी वर्षातले सर्वांत घाण असते, कारण रस्त्यावरचे तेल, टायरची भुकटी आणि गटारातला साचलेला गाळ एकदम उतरतो. आज पहाटेची वळणाखालची बाटली जवळजवळ पांढरी आहे. मुलांचा चेहरा पडला. त्यांना १० डिसेंबरची नोंद दाखवली आणि पंधरा दिवसांनी पुन्हा भरायला सांगितले.

सफाईचे जेसीबी या वर्षी उशिरा, १९ तारखेला आले होते. आमचे पत्र फेब्रुवारीतच दिलेले होते, परंतु ते दादांपर्यंत पोहोचलेले नव्हते. चुन्याच्या खुणांचे दगड मात्र त्यांनी पाहिले, खाली उतरले आणि विचारले, "मॅडम, ह्या दगडांच्या आतलं ठेवायचं का?" उंबर, झरा आणि वाळुंजाची रांग अशी वाचली. नव्या खळाळावर आम्ही दगड ठेवले नव्हते, कारण तो पाण्याखाली असेल असे वाटले होते. तिथे यंत्र वळवण्याची तयारी चालू असतानाच पाऊस सुरू झाला आणि चाके रुतायला लागल्यामुळे काम थांबवावे लागले. खळाळ आमच्यामुळे वाचलेला नाही, ही नोंद तशीच राहू द्यावी.

झऱ्याची बाटली आज चौदा सेकंदांत भरली. अकराव्या तोंडाच्या चेंबरचे झाकण तुटले आहे, ते उद्या कळवायचे.